पांढऱ्या चादरीपुढचे कोल्हे

२० एप्रिल

चि. धाकट्यास,

अनेक उत्तम आशीर्वाद, तेही कागदावरच; तोंडाने द्यायला मला बंदी आहे. गळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी बजावलंय, जुलैच्या मध्यापर्यंत अवाक्षर काढायचं नाही. काढलं तर आवाज कायमचा गेला समजा. लाउडस्पीकर बंद पडला तरी बस कामगारांच्या सभा गाजवणारी तुझी बहीण आता चहात साखर कमी आहे हे पाटीवर लिहून दाखवते. तुझे भाऊजी पाटी वाचतात, बरं म्हणतात आणि पेपर उघडतात. लग्नापासून हा माणूस ‘बरं’च्या पुढे गेलेला नाही.

बातमी अशी की मी गप्प झाल्यापासून बागेत कोल्हे येतात. नवरा, बायको, तीन पिल्लं. आधीही येत असतील आणि माझा आवाज ऐकून परत फिरत असतील, असं भाऊजींनी सुचवलं. त्यांचं हे यंदाचं सर्वांत लांब वाक्य. कोल्हा काकडीला राजी म्हणतात म्हणून एक काकडी ठेवली. कोल्हिणीने हुंगली आणि माझ्याकडे असं पाहिलं की शेवटी मीच खाल्ली.

तुझा एखादा जुना कॅमेरा पाठव आणि फोटो कसे काढायचे ते कळव. लोभ आहेच, त्याला डॉक्टरांची बंदी नाही.

तुझी,
ताई

२९ एप्रिल

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. तू गप्प आहेस यावर तुझ्या भावजयीचा विश्वास बसत नाही. ती म्हणते, फोन करून खात्री करून घेऊ.

कॅमेरा पाठवतोय. आयुष्यभर मी पासपोर्टचे फोटो काढले, मला तेवढंच येतं. मागे पांढरी चादर टांग. चेहरा सरळ हवा, दोन्ही कान दिसले पाहिजेत, हसू चालत नाही. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत पाहिलं की त्याची मान ताठते, म्हणून मी बुटांकडे बघतो. तू पंजांकडे बघ. हाताने काही भरवू नकोस. तुझ्यापुरता विश्वास बसला तर ठीक. माणूस म्हटला की विश्वास, असं झालं तर त्यांचं काही खरं नाही. मालकांबद्दल कामगारांना तू हेच सांगायचीस.

भाऊजींना नमस्कार. ते ‘बरं’ म्हणतीलच.

तुझा,
धाकटा

२८ जून

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. सोबत फोटो आहेत. पहिल्यात नुसती चादर आहे, दुसऱ्यात शेपूट. चादर दोन आठवडे तशीच ठेवली, तेव्हा कुठे त्यांची भीती गेली. आता पिल्लं तिच्यापुढे अशी बसतात, जणू उद्याच परदेशी निघालीत.

पण संकट आलंय. शेजारचे दातांचे डॉक्टर वसाहतीचे अध्यक्ष आहेत. त्यांची पायरीवरची चप्पल गेली आणि त्यांचा संशय कोल्ह्यांवर आहे. पिंजरे लावून सगळ्यांना पकडून न्यावं, असा ठराव त्यांनी येत्या रविवारच्या सभेत ठेवलाय. संशय खरा आहे. चौथा फोटो बघ.

मी उठून बोलणार आहे. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्या वतीने बोलण्यातच माझा जन्म गेला. बोलायची वेळ टळून गेली आणि गळा तेवढा शाबूत राहिला, तर तो काय हार घालायला ठेवायचा? तू समजून घेशील, म्हणून लोभ असू दे असं वेगळं लिहीत नाही.

ताई

१ जुलै

ती. ताईस,

शि. सा. न. हे पत्र रात्रीच टाकतोय. बोलू नकोस. आईने तुला गप्प बस म्हटलं की मला हसू यायचं. आज तेच मी लिहितोय आणि मुळीच हसत नाहीये. भाऊजींना उभं कर.

आणि चौथा फोटो लपवू नकोस. पिल्लाच्या तोंडात चप्पल आहे, पण दोन्ही कान स्पष्ट दिसतात. गिऱ्हाइकाच्या तोंडावरचा व्रण मी कधी पुसला नाही. पुसलेला फोटो सरकारातून परत येतो.

रागावलीस तर सविस्तर लिहून रागाव.

धाकटा

१५ जुलै

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. भाऊजींसाठी मी चार पानी भाषण लिहिलं होतं. त्यांनी बरं म्हणून ते खिशात घातलं. सभेत अध्यक्ष म्हणाले की जंगली जनावरांशी माणसाचं नातं नसतं. मी उठलेच. तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात भाऊजींनी माझं कोपर धरून मला खाली बसवलं आणि स्वतः उभे राहिले.

भाषण खिशातच राहिलं. त्यांनी फोटो सगळ्यांच्या हातांतून फिरवले. चौथा अध्यक्षांपुढे ठेवला. चप्पल यांनीच नेली, पिल्लांना दात येतायत, एवढं सांगितलं आणि बसले.

अध्यक्षांनी आधी चप्पल ओळखली. मग चष्मा बदलला आणि फोटो उजेडात धरून बराच वेळ पाहिला. दुधाचा सुळा अजून पडला नाही आणि मागून नवा येतोय, म्हणाले. यावर लक्ष ठेवायला हवं. ठराव त्यांनी मागे घेतला. उरलेली चप्पलही त्यांनी काल कुंपणावरून आमच्याकडे टाकली. माझ्या हयातीतली ही सर्वांत छोटी सभा, आणि जिंकली ‘बरं’ म्हणणाऱ्या माणसाने. दोन दिवस मी त्यांच्याशी पाटीवरूनही बोलले नाही.

काल डॉक्टरांनी गळा तपासला. आवाज शाबूत आहे, आता बोला म्हणाले. घरी येऊन पायरीवर भाऊजींच्या शेजारी बसले, तोच धाकटं पिल्लू चादर सोडून खालच्या पायरीशी आलं आणि त्यांच्या बुटाला टेकून झोपलं. ते हलले नाहीत, मीही नाही. त्यांना शाबास म्हणायचं होतं. परवानगी मिळाल्याचंही सांगायचं होतं. पण पाटी आत होती आणि दोन्हीसाठी बोलावं लागलं असतं.

आज ते पुन्हा आलंय. त्यामुळे भाऊजींना अजून काहीच माहीत नाही. तू कळवू नकोस.

तुझी,
ताई