जर्मनीला जाताना लागलेला खड्डा

४ जानेवारी, रविवार
पतसंस्थेनं ह्या वर्षी डब्याऐवजी डायरी दिली. डबा उपयोगी पडला असता. पण फुकटची वस्तू कोरी ठेववत नाही, आणि माझी चौथी झालेली आहे, अक्षर टपोरं आहे. म्हणून लिहायला बसले. कुणाला दाखवणार नाही.

आज जेवताना शंभूनं, म्हणजे माझ्या नातवानं, जाहीर केलं की तो, त्याची बायको दीपमाला आणि लेक पिल्लू जर्मनीला जाणार. कायमचं. शिरवळच्या कंपनीत इंजिनेर आहे तो. माझा लेक अमृत फौजेत, सून त्याच्याबरोबर आसामला. रहिमतपूरच्या घरात आम्ही चौघंच. त्यातले तीन जाणार, राहिलं कोण?

म्हटलं, आरं शंभू, इथं काय कमी पडलं तुला? तर म्हणाला, आज्जे, दारात बघ. दारात खड्डा आहे, मला माहीत आहे. तीन वर्षं तो मोबाईलवर तक्रार करतो आणि दर खेपेला उत्तर येतं, आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे. काल पिल्लूची सायकल निम्मी त्या निराकरणात गेली. म्हटलं, खड्ड्यासाठी देश सोडतं व्हय कुणी? वळसा घालावा माणसानं. त्यावर दीपमाला म्हणाली, आज्जी, आयुष्यभर वळसाच घालायचा का? शिकलेली नातसून असली की अशी उत्तरं देते.

निश्चय: आठ दिवसांत त्याचं डोकं ठिकाणावर आणते. मी एकदा ठरवलं की ठरवलं. (चहा सोडायचं ठरवलं होतं ते वेगळं.)

६ जानेवारी, संध्याकाळ
कोंडीबाला चहाला बोलावलं. शेजारी आहे, रिटायर हवालदार, आमच्या ह्यांच्याच पलटणीतला. देशाविषयी बोलायला लागला की समोरच्याला उभं राहून सलाम ठोकावासा वाटतो. शंभूला समोर बसवलं.

सुरुवात झकास झाली. गड्या, देश सोडणं म्हंजी पोस्ट सोडून पळणं, म्हणाला. मी आत कांदा चिरत होते, डोळे भरून आले. मग कोंडीबा स्वतःच्या पेन्शनीवर घसरला. दर वर्षी जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो, आणि औंदा मशीननं त्याचा अंगठाच ओळखला नाही. समोर उभा राहून शिव्या देतोय आणि साहेब म्हणतोय, काका, कॉम्प्युटरला तुमी दिसत न्हाई. तास झाला तरी त्याच्या शिव्या संपेनात. काही हिंदी होत्या, त्या पिल्लूनं उचलल्या.

जाताना शंभूला बाजूला घेऊन विचारलं, तिकडं वॉचमन लागत्यात का रं?

पहिला दिवस म्हणजे नुसता सराव. धरायचा नाही.

११ जानेवारी, रविवार
आज शंभूला आपला मुलूख दाखवायचा ठरवला. कंपनी आणि मोबाईल सोडून ह्या पोरांनी बघितलंय काय? म्हटलं, यष्टीनं साताऱ्याला जाऊ, तिथनं वर यवतेश्वरला, हवा खाऊ, येताना कंदी पेढे आणू. पेढा खाऊन कुणी जर्मनीला गेल्याचं मी तरी ऐकलं नाही.

यष्टी आली नाही. बाकड्यावर एक म्हातारा बसला होता, त्याला विचारलं कधी येते, तर म्हणाला, मीबी तेच बघाय बसलोय. शेवटी शंभूच्या मोटरसायकलवर बसले. वाटेत नवा स्पीडब्रेकर. रातोरात घातलेला, ना पट्टा ना पाटी. मी नेमकी सांगत होते की आपल्यासारखी ऊसशेती जगात कुठं नाही, आणि कुठं म्हणताना माझी कवळी उडून रस्त्यात पडली. मागनं उसाची ट्रॉली, मोठ्यानं गाणी लावलेली. कवळी सापडली. सापडली म्हणजे तिचे दात सापडले, सुटे सुटे.

शंभू हसला असता तर बरं झालं असतं. गप रस्त्यात बसून दात गोळा करत होता. त्यात देशाचा काय दोष? कवळी मुळातच सैल होती.

पेढे आणले. चोखून खाल्ले.

१५ जानेवारी
संक्रांतीचं हळदीकुंकू. मुद्दाम मोठं केलं. दीपमालेला दाखवायचं होतं, अशी माणसं, असा सण तिकडं कुठला. बायका जमल्या, वाण लुटायला घेतलं आणि चौकात कुठल्याशा भाऊंच्या वाढदिवसाचा डीजे लागला. भाऊ कोण ते गल्लीत कुणालाच माहीत नाही, पण फ्लेक्सवर काळा चष्मा घालून आमच्याकडंच बोट करून उभा आहे. फळीवरची ताटं आपोआप पुढं सरकायला लागली. कुंकू लावायला गेले ते गल्लीतल्या वीरधवलच्या आईच्या नाकाला लागलं. पिल्लू रडून लाल. शंभूनं तक्रारीचा फोन केला, तर फोन उचलणाऱ्याच्या मागंही तेच गाणं वाजत होतं.

रात्री शंभू म्हणाला, आज्जे, मला देशाचा राग न्हाई गं. मला नुसतं दमायला झालंय. एवढंच बोलला आणि झोपायला गेला. मी डबा पुढं ओढला आणि जास्तीचा तिळगूळ खाल्ला.

आठ दिवस म्हणजे मोघम म्हटलं होतं.

२० जानेवारी
आज हुकमाचं पान टाकलं. जेवण झाल्यावर उभी राहिले आणि म्हटलं, तुमी चालला असाल तर मीबी येणार. मला न्या न्हाईतर जाऊ नका. माझा हिशेब असा: सत्तरीची म्हातारी, बिनदाताची, तिला कोण नेतंय? बसतील घरात.

दीपमालेनं येऊन मिठीच मारली. आज्जी, खरंच याल? आमी दोघं कामाला गेल्यावर पिल्लूचं काय करायचं ह्याच घोरात होते मी. शंभूचा चेहरा तर वर्षात असा खुलला नव्हता. तिथल्या तिथं त्यानं मोबाईलवर माझा फोटो काढला, पासपोर्टासाठी. तोंड उघडंच राहिलं होतं माझं, तसाच आलाय.

आता सांगायचं कसं की मी डाव टाकला होता? उद्या सांगते.

२६ जानेवारी
सांगितलं नाही.

शाळेत झेंडावंदनाला गेले होते, दर वर्षी जाते. पण आज प्रथमच ध्यानात आलं की माईक कूं करतोय, पोरं उन्हात उभी आहेत आणि पाहुणे सावलीत बसून उशीर करतायत. जिलेबीही गार. इतकी वर्षं मला हे दिसलं कसं नाही? शंभूच्या बोलण्यात काहीतरी आहे.

१२ फेब्रुवारी
पासपोर्टाचं काम झालं. जन्मतारीख एक जून. आमच्या वर्गातल्या सगळ्यांची एक जून आहे, गुरुजींनी एका दमात लिहून टाकली होती. साहेबानं विचारलं, नक्की? म्हटलं, पन्नास जणांची नक्की हाय.

नवी कवळी घट्ट बसली. जर्मन शिकतेय. आभाराला डांके म्हणतात. सकाळी दूधवाल्याला डांके म्हटलं, तो म्हणाला, काकी, म्हशीला म्हणा, मी नुसता आणून देतोय. ह्या देशात कुणाला काही सांगायची सोयच राहिली नाही.

व्हिसा माझा तीन महिन्यांचा मिळणार, पाहुणीचा. म्हणजे सुरुवातीला. माझ्या हातची भाकरी खाल्ली की ते लोक स्वतःच म्हणतील, राहा.

८ मार्च
पाणी आज पण आलं नाही. पूर्वी मी म्हणायची, येईल उद्या. आता म्हणते, जर्मनीत असं चालत नाही. कोंडीबा म्हणाला, वैनी, तुमी बघितलीय का जर्मनी? म्हटलं, बघायला कशाला लागतंय, माणसाला समजतं.

शंभू हल्ली गप्पगप्प असतो. राजीनामा देऊन आला तर साहेबानं तो ड्रॉवरात ठेवला आणि म्हणाला, जा तर आधी, मग बघू. मी शंभूला धीर देते. म्हटलं, मागं बघू नको, काय ठेवलंय इथं? तो माझ्याकडं लय वेळ बघत होता.

२७ मार्च
आज चौकात गेले आणि पाय खिळले. भाऊंचा फ्लेक्स काढून तिथं माझा लावलाय. मी, पासपोर्टाच्या फोटोतली, तोंड उघडं, मागं विमान आणि बर्फाचा डोंगर. वर लिहिलंय, परदेशगमनाबद्दल श्रीमती शालूबाई यांचे हार्दिक अभिनंदन, शुभेच्छुक समस्त गल्ली. खाली कोंडीबाचा छोटा फोटो, लष्करी टोपीत.

शंभू म्हणाला, हे काय गं आज्जे, ह्याच फ्लेक्सांना वैतागलोय ना मी. म्हटलं, ते भाऊंचे. हा वेगळा आहे, ह्यात माहिती आहे.

दोनदा बघून आले. तिसऱ्यांदा जाताना मिरची आणायचं निमित्त केलं.

२९ मार्च, रविवार, दुपारी
निघालो. गाडीत लिहितेय, अक्षर हलतंय.

सकाळी उठले तर दारात फावड्यांचा आवाज. गल्लीतली पोरं आणि कोंडीबा खडी-मुरूम टाकून खड्डा भरत होते. का, तर काकींची गाडी निघताना गचका बसाय नको, कवळी नवी हाय. तीन वर्षांचा खड्डा न्याहारीच्या आत भरला. शंभू हातात बॅग घेऊन तसाच उभा. कोंडीबा त्याला म्हणाला, आरं उभा काय ऱ्हायलायस, मुरूम दाबाय धुमुस घे. मग शंभूनंही दाबला. इंजिनेर आहे शेवटी, सपाट दाबला.

डीजे सांगितला होता पण लाईट गेली, त्यामुळे बोलणं ऐकू आलं. एकेक बाई ओटी भरून गेली. नारळ इतके झाले की शंभूच्या कपड्यांची बॅग रिकामी करून त्यात भरले. वीरधवलची आई पिल्लूला सोडेना. पोरगीला तिकडं कोण खेळवायचं, म्हणून रडली. दीपमालाही रडली. मी रडले नाही, माझं लक्ष फ्लेक्सकडं होतं.

आता खंबाटकीचा घाट लागलाय. पुढं दोघं हळू आवाजात काहीतरी बोलतायत. विमानतळाचंच असणार.

२९ मार्च, रात्री, सांगली
घात झाला.

शिरवळला चहाला थांबलो. शंभूनं निम्मा कप ठेवला आणि म्हणाला, आज्जे, नको जायला. म्हटलं, काय झालं? तर म्हणाला, मी तीन वर्षं मोबाईलवर बोंबललो, पण एक दिवस फावडं घेऊन दारात उभा ऱ्हायलो न्हाई. आज समदी आली. तुझंच बरोबर होतं, आज्जे. आमचं ठरलंय. साहेबाला फोन केलाय, राजीनामा ड्रॉवरातच हाय.

माझंच बरोबर होतं म्हणे. जानेवारीत बरोबर होतं. तेव्हा बोलला नाही, आणि आता बोलतोय, पासपोर्ट झाल्यावर, स्वेटर घेतल्यावर, बर्फाच्या डोंगरासकट चौकात टांगल्यावर. मी खूप समजावलं. ह्या देशाचं काही खरं नाही, पाण्याचं सांगितलं, यष्टीचं सांगितलं, कवळीचं तर सगळं परत सांगितलं. ऐकेना. दीपमाला तर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून, बरं झालं बाई, म्हणत होती.

त्या गल्लीत मी कुठल्या तोंडानं जाऊ? म्हटलं, मला सांगलीला राजेश्वरीकडं सोड. राजेश्वरी माझी लेक. आणि गल्लीत विचारलं तर सांग, आज्जी पुढं गेली, आमचं मागनं बघू. शंभू म्हणाला, एकटी? म्हटलं, व्हय, एकटी.

३ एप्रिल
जर्मनीतून गल्लीला व्हिडिओ फोन लावला. राजेश्वरीच्या पांढऱ्या भिंतीपुढं बसले, स्वेटर, वर शाल, डोक्याला मफलर. सांगलीचा उन्हाळा, पंखा बंद, कारण तिकडं पंखे नसतात. वीरधवलच्या आईच्या मोबाईलवर सगळ्या जमल्या होत्या. आवं काकी, बर्फ पडतंय का? म्हटलं, गुडघ्याएवढं. काकी, घाम कशाचा? म्हटलं, हीटर. किती वाजलं तिकडं? म्हटलं, रात्र आहे, आणि तेवढ्यात राजेश्वरीनं पडदा सारला. मागनं कोंडीबाचा आवाज आला, जर्मनीत चंद्र मोठा असतोय. सगळ्या मान हलवत होत्या, लय भक्तिभावानं.

खाली भडंगवाला ओरडत गेला. म्हटलं, इथले लोक असंच बोलतात.

एकंदर झकास जमलं. मी सांगितलं तसंच शंभूनं गल्लीत सांगितलेलं दिसतंय. पोरगं गुणी आहे.

१२ एप्रिल, रविवार
परत आले. ठरवलं होतं की सांगायचं, जर्मनी बघितली, फार काही नाही, तिथंही खड्डे आहेत. वाटण्यासाठी सांगलीत चॉकलेटं घेतली, मराठी लेबलं काढून.

चौकात गाडी वळली आणि समोर फ्लेक्स. नवा. जर्मनीहून सुखरूप परतल्याबद्दल शालूबाई यांचे हार्दिक स्वागत. फोटोत मी सांगलीच्या गणपतीपुढं, स्वेटर घालून, उसाचा रस पितेय. कोंडीबाच्या पुतणीचं सासर सांगलीतच आहे हे माझ्या ध्यानात राहिलं नव्हतं. खाली बारीक अक्षरात, डांके.

गाडीतनं उतरायचं नाही असं ठरवलं होतं, पण उतरावं लागलं, कारण पुढं रस्ताच नव्हता. पाईपलाईनीसाठी खणलाय. नेमका आमच्या दारात, पोरांनी आणि शंभूनं दाबला होता तोच, आणि आधीपेक्षा खोल. वर फळी टाकलीय. पिल्लूनं पलीकडनं हात केला आणि खड्ड्याला दोन शब्द सुनावले. कोंडीबाची हिंदी ती अजून विसरलेली नाही.

कोंडीबानं बॅग धरली. वैनी, विमानात भडंग देत्यात व्हय, पिशवीला वास येतोय. मी चॉकलेट दिलं. तो गपकन तोंडात टाकून म्हणाला, हेबी सांगलीचंच हाय, पण चांगलं हाय.

रात्री शंभू माझ्याजवळ येऊन बसला. मांडीवर लॅपटॉप. हळूच म्हणाला, आज्जे, कॅनडाचं बघू का?

म्हटलं, बघ. बॅग मी अजून सोडलेली नाही. पण या खेपेला कोंडीबाला सांगू नको.