बिनधुराचा चढ

गुरु. ७ ऑक्टो. २००४, जर्सी सिटी

सकाळचं प्रेशर १४८/९०. डॉक्टर त्याला बीपी म्हणतात. बॉयलर सत्तर वर्षांचा आहे, चालायचंच.

काल मुलाने, नि.ने पाकीट दिलं. वाढदिवसाची भेट. पेनसिल्व्हेनियात वाफेच्या इंजिनाची सहल, तीन दिवस, इंजिनवेड्या लोकांच्या ग्रुपबरोबर. सोमवारी इथल्या ऑफिसांना सुट्टी आहे म्हणून नि.ही येणार. कागद मी दोनदा वाचला. शेवटचं वाफेचं इंजिन हातातून जाऊन सतरा वर्षं झाली. त्यानंतर पाच वर्षं डिझेल चालवलं, ते मी धरत नाही.

मग पाकिटातून दुसरा कागद निघाला, चिरंजीवांच्या हस्ताक्षरात. १. इंजिनवर चढायचं नाही. २. कोळसा उचलायचा नाही. ३. गोळ्या वेळेवर. ४. रुळाजवळ एकट्याने फोटो काढायचे नाहीत, हल्ली पोलिस विचारतात.

म्हटलं, "मग मी तिथे जाऊन करू काय?"

"बाबा, डब्यात बसा ना आरामात. एन्जॉय करा."

बत्तीस वर्षं नोकरी केली, डब्यात बसलो नाही. डबा आपल्या मागे असतो.

ही नातीला मांडीवर घेऊन बसली होती. तीन महिन्यांची नात, तिच्यासाठीच तर आलोय आम्ही. म्हणाली, "जाऊ दे रे त्यांना. सुंभ जळला तरी पीळ जात नाही." ही कुणाच्या बाजूने बोलते ते चव्वेचाळीस वर्षांत कळलेलं नाही.

एक गोष्ट ठरवली. फावडं हातात घ्यायचं. एकदा तरी. कसं, ते बघू.


शुक्र. ८

हिने दशम्या आणि चिवडा दिलेला, हायवेच्या बाकावर बसून खाल्ला. नि. अर्धा वेळ फोनवर. प्रॉडक्शनमध्ये काहीतरी इश्यू आहे म्हणे, रिलीज कॅन्सल केलं. स्टेट कॉलेज नावाच्या शहराच्या पुढे दीड तास, दोन डोंगरांच्या मधे गाव. मोटेलपासून इंजिनशेड पाच मिनिटांवर.

गाडीतून उतरलो आणि वास आला. कोळशाचा. नि. सामान काढत होता, मी तसाच चालू लागलो.

इंजिन लहान, नॅरो गेज. आमच्या मनमाडच्या इंजिनापुढे शेळी. पण जिवंत. फ्रँक म्हणून ड्रायव्हर आहे, चौसष्ट वर्षांचा. हात मिळवला आणि तसाच उलटा करून माझा तळवा बघितला. अंगठ्याच्या मुळाशी जुना घट्टा अजून आहे. मान हलवली. त्याच्याही तळव्यावर तसाच.

ग्रुपचा म्होरक्या वॉल्टर. रिटायर्ड दातांचा डॉक्टर, टोपीवर बारा-पंधरा बिल्ले. चाळीसेक माणसं, बहुतेक सगळी माझ्या वयाची, प्रत्येकाकडे दोन-दोन कॅमेरे. गाडी तीन दिवसांसाठी या ग्रुपनेच घेतलीय. वॉल्टर ऐंशी सालच्या सुमाराला इंडियात येऊन इंजिनांचे फोटो काढून गेलाय. मी माझ्या इंजिनाचा नंबर सांगितला, तर म्हणतो ते फिलाडेल्फियात बनलेलं. मला काय सांगतो? पितळी पाटीवर नाव होतं, रोज पुसायचो. मग मला इंजिनापाशी उभं करून सगळ्यांनी फोटो काढले. प्रदर्शनात मांडल्यासारखं वाटलं.

शेडच्या फळ्यावर यादी आहे. ज्याला फावडं मारायचंय त्याने नाव लिहायचं, फॉर्मवर सही करायची, फ्रँकच्या नजरेखाली अर्धा तास. नि. खोलीची किल्ली आणायला गेला होता. चौथ्या नंबरवर नाव लिहून टाकलं.


शनि. ९

प्रे. १५२/९४. कारण खाली आहे.

आज डब्यात बसलो. खिडकीची जागा. झाडं लाल-पिवळी झालीत, नि. म्हणतो सुंदर. असतील.

चढाच्या अलीकडे वळणावर गाडी थांबली. चाळीसच्या चाळीस जण उतरले, शेतात तिपाया लावून रांगेत उभे. गाडी रिकामी मागे गेली आणि पुन्हा आली, आणि काय सांगू, काळाकुट्ट धूर! फायरमन मुद्दाम भसाभस कोळसा टाकत होता. वॉल्टर हातातल्या रेडिओवर ओरडतोय, "मोअर स्मोक! मोअर स्मोक!" आणि हे सगळे टाळ्या वाजवतायत. तीन वेळा केलं. मी मान फिरवली.

माझे उस्ताद रहीमचाचा सांगायचे, धूर म्हणजे न जळलेला कोळसा. चिमणीतून कोळसा जातो आणि फायरमनची अब्रू जाते. कमी टाक, वरचेवर टाक, पसरून टाक. पहिल्या वर्षी धूर केला म्हणून मेमो मिळाला होता, तो अजून पेटीत आहे.

आणि मेमोचं सोडा. मनमाडच्या कॉलनीत आमची घरं रुळाला लागून. दोऱ्यांवर कपडे वाळत. गाडी गेली की बायका बाहेर येऊन आधी कपडे बघायच्या. काजळी दिसली की इंजिनवर कुणाचा नवरा होता ते सगळ्या कॉलनीला समजायचं आणि संध्याकाळी नळावर त्याच्या बायकोला ऐकून घ्यावं लागायचं. हिला कधी ऐकावं लागलं नाही. हिच्या साड्या आणि नि.चा शाळेचा पांढरा शर्ट, त्याच दोरीवर. आधी मी फावड्यावर, मग माझ्या हाताखालचा फायरमन. ठिपका नाही.

इथे त्याच काजळीला टाळ्या.

परत आलो तर फळ्यावर माझं नाव खोडलेलं. पट्टी लावून मारावी तशी सरळ रेघ. नि.ची. लहानपणापासून वहीत अशाच मारतो.

शेडबाहेर जुंपली. दोघेही मोठ्याने बोललो, वॉल्टरची माणसं बघत होती. बघू देत.

"मला विचारायचं तरी!"

"तुम्ही विचारलं होतं, नाव लिहिताना? बाबा, दोन स्टेंट आहेत तुम्हाला! इथे काही झालं तर मी आईला काय सांगू?"

"बत्तीस वर्षं काही झालं नाही."

"तुम्हाला झालं नाही. तुम्ही ड्यूटीवर गेलात की ती परत येईपर्यंत जेवायची नाही. तुम्हाला कोण सांगणार? मी समोर बसलेलो असायचो ताट घेऊन."

हे मला ठाऊक नव्हतं. मी घरी यायचो तेव्हा ताटं दोन असायची, मला वाटायचं बायकांची रीत.  पण म्हणून माघार घ्यायची नाही.

जेवण झाल्यावर पुन्हा फळ्यापाशी गेलो. या वेळी नाव मराठीत लिहिलं, ठसठशीत. खोडायचं असेल तर बापाचं नाव वाचून खोड.


रवि. १०

खोडलं नाही.

सकाळी फॉर्मवर जवळच्या नातेवाइकाची सही लागत होती. नि.ने केली. म्हणाला, "अर्धा तास. घड्याळ लावून बसलोय."

अकरा दहाला चढलो. पायरी उंच आहे, फ्रँकने हात पुढे केला, मी धरला नाही. फावडं आमच्यापेक्षा आखूड. पहिल्या दोन वेळा कोळसा भट्टीच्या दाराच्या चौकटीला आपटला. कान तापले. तिसऱ्यापासून हाताला आठवलं. आधी मागचे कोपरे, मग कडा, मधे पातळ. अर्धंच फावडं भरायचं, टाकलं की लगेच दार लावायचं. चिमणीकडे बघायचं, प्रेशरच्या काट्याकडे बघायचं. आठ मिनिटांत काटा हवा तिथे येऊन बसला तो हललाच नाही. चिमणीवर नुसती हवा थरथरताना दिसते ना, तेवढंच. फ्रँक एकदा काट्याकडे, एकदा वर, एकदा माझ्याकडे. देवा, काय वाटलं म्हणून सांगू. रडलो असतो, पण घामात कळलं नसतं आणि वेळही नव्हता.

वळण आलं. तिपायांची रांग. रेडिओ ओरडला. फ्रँकने हाताने खूण केली, टाक म्हणून, भरपूर.

मी म्हटलं, "नो."

"दे वाँट स्मोक."

"स्टीम, येस. स्मोक, नो."

फ्रँकने खांदे उडवले आणि आम्ही त्या चाळीस कॅमेऱ्यांसमोरून स्वच्छ निघून गेलो. मागे आरडाओरडा चाललेला. मी पुढचं अर्धं फावडं भरलं.

खाली उतरलो तर वॉल्टर लालबुंद. माझा शॉट घालवलास, माणसं कॅलिफोर्नियाहून आलीत, इंजिन चालू आहे की बंद हेसुद्धा फोटोत कळणार नाही. मी म्हटलं, तुम्हाला इंजिनाचा फोटो हवाय का फायरमनच्या चुकीचा? नि.ने भाषांतर केलं, पण जरा मऊ करून केलं असावं, कारण वॉल्टर थोडा निवला.

मग फ्रँक आला. उद्या शेवटची फेरी, अख्खा चढ, पाऊण तास. म्हणाला, मला हा माणूस पाहिजे. त्याचा नेहमीचा फायरमन म्हातारा होत चाललाय, पंचेचाळीसचा आहे. हा विनोद होता, मला नंतर कळला.

वॉल्टर म्हणाला ठीक, पण गाडी आम्ही घेतलीय. वळणावर धूर हवा. नसेल तर दुसरा फायरमन.

दुपारचं प्रेशर १३२/८२. नि.ने दोनदा मोजलं, मशीन हलवून बघितलं.

संध्याकाळी हिला फोन लावला, सगळं सांगितलं. मला वाटलं शाबासकी मिळेल. ही म्हणाली, "टाका की मग दोन फावडी. तिथे कुठे माझ्या साड्या वाळतायत?"

"अगं, पण—"

"हौस फिटू दे त्यांची. तुम्हाला चढ हवाय ना?"

बाजूला नि. म्हणाला, "आई करेक्ट बोलतेय. एक मिनिटाचा प्रश्न आहे बाबा. हू केअर्स?"

फोन ठेवला. घरचे दोघेही वॉल्टरच्या बाजूने. खरं लिहायचं तर चढ मला हवाच आहे, फार हवाय. सत्तरीत पुन्हा कोण देणार? दोन फावडी. कुणाचं काही जाणार नाही. रहीमचाचा जाऊन वीस वर्षं झाली.

पण मग बत्तीस वर्षं ज्यासाठी डोळे चिमणीला लावले ते काय होतं? मेमोची भीती? नळावरच्या बायकांची? असेल तर आज दोन्ही नाहीत, आणि हात तरीही अर्धंच फावडं भरतो. म्हणजे ते माझंच होतं.

नि.ला सांगितलं, "धूर करणार नाही. आणि चढही सोडणार नाही."

"मग कसं जमणार?"

"ते वॉल्टरने बघावं."

नि. हसला नाही. "तुम्ही पण ना, यार," म्हणाला. बापाला यार म्हणतो. मग विचारलं, "माझ्या शर्टावर खरंच कधी ठिपका नव्हता?"

म्हटलं, "तुला आठवत नाही?"

"आठवतंय. शेजारच्या पोरांच्या शर्टावर असायचे," म्हणाला आणि टीव्ही लावला.


सोम. ११, सकाळी, इंजिनवर

प्रेशर मोजलं नाही. माझं. इंजिनाचं उत्तम.

सहा वाजता शेडमध्ये आलो. विस्तव फ्रँकने पेटवलेला, मी पसरला. थंडी आहे, गवतावर दहिवर. अशा हवेत वाफ पांढरीशुभ्र दिसते, पिंजलेल्या कापसासारखी. त्यांना हवं तर त्याचे फोटो काढा म्हणावं.

वॉल्टर येऊन खालून विचारून गेला, "स्मोक?" मी म्हटलं, "नो." त्याने फ्रँककडे बघितलं. फ्रँक तेलाची बुधली पुसत होता, पुसतच राहिला. वॉल्टर तणतणत वळणाकडे गेला. बाकीचे आधीच जाऊन उभे आहेत. वळण इथून दिसतं. तिथे गाडी अडवून मला उतरवतील, किंवा नाही. दुसरा फायरमन त्यांच्याबरोबर आहे, हातमोजे घालून तयार.

नि. सकाळपासून खोलीत नव्हता. मला वाटलं रुसला. आता बघतो तर वळणावर आहे. तिपायांच्या रांगेच्या पुढे, कुंपणाच्या दोन खांबांना दोरी बांधतोय. गाडीच्या डिकीतली, सामान आवळायची. तिच्यावर त्याने आपला ऑफिसचा पांढरा शर्ट वाळत घातला. मग मोटेलचा टॉवेल. मग बनियन. सगळ्या कॅमेऱ्यांच्या बरोब्बर समोर.

वॉल्टर धावत गेला त्याच्याकडे. हातवारे चाललेत. फ्रँकच्या रेडिओवर दोघांचे आवाज येतायत. "व्हॉट द हेल इज धिस?"

नि. म्हणाला, "लाँड्री."

फ्रँक माझ्याकडे बघतोय. त्याला काय सांगू, आणि कुठल्या भाषेत?

काटा जागेवर आहे. सिग्नल पडला. वही खिशात.