काचेतला नळ

वेकफील्ड, रविवार

अ‍ॅलेक,

काल तुझ्या चित्रदालनाच्या उद्घाटनाला आलो, ते तुझ्या बायकोनं दोनदा फोन केला म्हणून. चित्रं काही मला कळली नाहीत. ती काढणारी पोरं मात्र गुळाला मुंगळे लागावेत तशी तुला चिकटली होती. एकीनं मला विचारलं, "तुम्ही साहेबांचे कोण?" मी तोंड उघडायच्या आत तूच म्हणालास, "हा माझा थोरला भाऊ, विल्फ. हाही पूर्वी माझ्यासारखीच नळांची थोडी खुटखुट करायचा." सगळे हसले. मीही हसलो.

मग तू सगळ्यांना काचेच्या पेटीपाशी नेलंस, जिच्यात तुला श्रीमंत करणारा तो नळ ठेवलाय. पाटीवर लिहिलंय, आपोआप बंद होणारा पहिला नळ, अ‍ॅलेक गॅरडनं स्वतःच्या हातानं घडवलेला. तू त्याच्यावरचे कानशीचे ओरखडेसुद्धा कौतुकानं दाखवलेस. अरे, ते ओरखडे उलट्या बाजूला कललेत. आपल्या घरात डावखुरा मी एकटाच होतो.

हे पत्र मी टाकणार नाही, म्हणून खरं लिहितो. बाबांच्या शेडमध्ये आपण दोघांनी एकेक नळ केला होता. माझा ठिबकत राहिला, म्हणून मी तो तिथंच शेडमध्ये टाकून दिला; तुझा थांबला. त्याच आठवड्यात तुझा हरवला आणि तुला आराखड्यावरून दुसरा करावा लागला. तो हरवला नव्हता. मी खिशात घालून नेला होता.

तीस वर्षं तो माझ्या स्वयंपाकघरात बसवलेला आहे. रोज भांडी विसळून झाली की मी तिथंच उभा राहतो आणि तो ठिबकायची वाट बघतो. मेला अजून एकदाही ठिबकलेला नाही.

तुझा थोरला,
विल्फ