अवधूतच्या मते गोल नसलेली काच

प्राची, तुझी कंबर कशी आहे? जावईबापू राजेश, साखर आटोक्यात आहे ना? आणि अवधूत, मोतीबिंदू काढलास असं कानावर आलं. आता तरी नीट दिसतं का?

माझं विचाराल तर मी, रघुनाथ गोविंद घाडी, राहणार लालबाग, हातीपायी धड आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाच्याही दडपणाशिवाय, राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो.

१. माझ्या मालकीची खोली व बँकेतली शिल्लक मुलगी प्राची हिला. माळ्यावरची पितळेची भांडीही तिचीच. ती मोडीत काढण्याचा सल्ला जावईबापूंनी देऊ नये.

२. माझ्या गिरगावच्या घड्याळकाचांच्या दुकानातला काच कापायचा हिरा शेजारच्या मनूने नेला तो नेलाच. तो त्यालाच दिला असं समजावं.

३. घड्याळाची गोल काच धाकटा भाऊ अवधूत याला. ती मी स्वतः कापली, घासली. अवधूत तेव्हा रे रोडच्या कारखान्यात लेथवर होता. बघताक्षणी म्हणाला, "दादा, गोल नाय ही." मी कॅलिपर लावला. आडवा, उभा, तिरका, रुंदी सगळीकडे सारखी. तर म्हणे, "अरे, तीन ठिकाणी फुगीर असली तरी रुंदी सारखीच येते. व्ही आकाराच्या खाचेत उभी ठेव, मी वर सुई टेकवतो, तू काच फिरव. गोल नसेल तर सुई हलेल." फिरवली. सुई हलली. माझ्या मते त्याचा हात हलला.

तेव्हापासून आमचं बोलणं माझ्या पत्नीमार्फत, त्याची पत्रंही तिच्याच नावे. गणपतीला हा माझ्याच शेजारी जेवायला बसे.

"वहिनी, दादाला सांगा, वडे मस्त झालेत."

"लक्ष्मी, त्याला सांग, गोल पण झालेत."

"मी काय तुमची पोस्टमन? जेवा गप!"

शिमग्यात लक्ष्मी गेली. यंदा गणपतीला अवधूत आला, शेजारी बसला, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिला आणि न बोलता उठून गेला.

अट एकच. काच त्याने स्वतः येऊन न्यावी आणि आधी माझ्यासमोर खाचेत फिरवून दाखवावी. मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं, असं वकील सांगतात. हे कलम मात्र मी जाण्याआधीच लागू धरावं. मी गेल्यावर ती वाकडी ठरली, तर भांडायला कोण येणार?

सही: र. गो. घाडी
साक्षीदार: वैशाली दळवी, दिनेश तांडेल. दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या. काचेबद्दल मत देण्याचं दोघांनीही टाळलं.
लालबाग, मुंबई. ३ ऑक्टोबर २०२४

ता. क. अवधूत, एक प्रत तुला पोस्टाने पाठवतो आहे. उत्तर लवकर लिही. पाकिटावर या वेळी माझंच नाव घाल.