दोनशे बारा काड्या

१९ नोव्हेंबर, बुधवार
अवजारांच्या खोलीतून, जेवणाच्या सुट्टीत

धाकटे,

ताईचे आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघा सोडला तर आईही ठणठणीत आहे, आणि तूही बरी असशील असं धरून चालते. कारण तीन वर्षांत तुझी गाडी फोनवर 'बरी आहे'च्या पुढे गेलेली नाही.

आता बातमी. बसून वाच. बेशरम संपली! ओढ्याच्या उगमापासून पुलापर्यंत आपल्या काठावर एक झुडूप उरलेलं नाही. शेवटचं खोड काल मी आणि टोळीतल्या लंबूने मिळून ओढलं. ते मुळासकट निघालं आणि आम्ही दोघं चिखलात उताणे. अख्खी टोळी पोट धरून हसली. मुकादम झाल्यापासून माझ्यावर इतकं मोकळेपणी कोणी हसलं नव्हतं, आणि मी कोणावर खेकसले नाही. लंबूने काळजीने विचारलं, "बाई, तब्येत बरी आहे ना?"

ओढा आता दिसतो गं. पुलाजवळच्या पायऱ्या आपल्याला चारच ठाऊक होत्या, बाकीच्या झाडोऱ्यात आणि गाळात गडप. नऊ निघाल्या! आई काठी टेकत सहावीपर्यंत उतरली, पाण्यात पाय सोडून बसली आणि तासभर उठायचं नाव घेईना. वर येताना तिला आम्ही जवळजवळ उचलून आणलं. वर आल्यावर म्हणाली, "धाकटीला कळवलंस का?"

सप्टेंबरात पूर आला होता. त्याने पलीकडचा काठ चांगला दहा पावलं खाल्ला. आपला जागचा हलला नाही. परवा ओव्हरसियरसाहेब पाहायला आले. पाण्याने उघडी पडलेली वाळुंजाच्या झाडांची मुळं त्यांनी दोन्ही हातांनी ओढून पाहिली. एकमेकांत अशी गुंतलीत की माती सुटेचना.

"बाई, ही लागवड कोणाची?"

"माझ्या धाकट्या बहिणीची."

"मग त्या कुठे आहेत?"

मी म्हटलं, "साहेब, चहा घ्या."

इथवर लिहून मी उठले आणि चार विळे पुसून आले. चारही आधीच स्वच्छ होते.

तू म्हणशील, कुठली माझी लागवड? माझ्या दोनशे बारा काड्या तर पहिल्याच पावसात वाहून गेल्या. त्या दिवशी रिकाम्या काठावर उभी राहून तू म्हणालीस, "ताई, मला यातलं काही कळत नाही. उगाच लुडबुड केली." आठवड्याभरात दुकानातली ती नोकरी धरून गेलीससुद्धा. मी शेजारीच उभी होते, मूग गिळून.

त्या वाहून गेल्या नव्हत्या. मी उपटल्या.

लिहिलं एकदाचं.

बेशरमचा बोटभर तुकडा चिखलात राहिला तरी फुटतो, म्हणून माझाच हुकूम होता: चिखलात उभी काडी दिसली की उपटा. वाळुंजाच्या काड्या कुठे रोवल्यास ते तू आदल्या दिवशी जेवताना सांगितलंही होतंस. मी ऐकल्यासारखं केलं. सकाळी टोळी यायच्या आत एकटीने सगळा काठ साफ केला आणि वर स्वतःवर खूश झाले. शेवटच्या जुडीत एका काडीला बारीक, लांबट पान फुटलेलं दिसलं. बेशरमचं पान तळहाताएवढं रुंद असतं. माझी पाचावर धारण बसली.

तेव्हाच परत रोवता आल्या असत्या. पण मग सांगावं लागलं असतं, आणि मुकादमबाईंना काडी ओळखता येत नाही हे टोळीला कळलं असतं. मी जुड्या उचलून पंपामागच्या ओल्या खड्ड्यात टाकल्या, वर गोणपाट घातलं. उपटलेलं काही पाण्याजवळ ठेवायचं नाही, हा नियमही माझाच, आणि तो मीच मोडला. दुसऱ्या दिवशी पाऊस झाला आणि मला आयतं कारण मिळालं.

तू गेल्यावर दोनेक महिन्यांनी पाहिलं तर गोणपाट वर उचललं गेलेलं. खालून हिरवे कोंब! सत्तरएक काड्या जगल्या होत्या. मी तिथेच बसून रडले, खोटं नाही सांगत. त्या सत्तर लावल्या, मग त्यांच्याच काड्या तोडून दरवर्षी लावत गेले. आज काठावर आठशेच्या वर वाळुंज आहेत आणि एकूण एक तुझ्या काड्यांची पिल्लं आहेत. माती धरायला वाळुंजच हवा हे तू म्हणाली होतीस. मी हसले होते. तुला यातलं कळतं, धाकटे. माझ्यापेक्षा जास्त कळतं. आणि मी तुला तीन वर्षं उलटंच समजू दिलं. माझं चुकलं, फार चुकलं.

काल ते खोड निघाल्यावर चिखलात बसूनच मी टोळीला सगळं सांगितलं. लंबूने डोकं खाजवलं. "म्हणजे बाईंनी उपटल्या म्हणून काठ वाचला?"

"नाही," मी म्हटलं, "तिने रोवल्या म्हणून."

मग टाळ्या पडल्या. तुझ्यासाठी. मीही वाजवल्या.

पुढच्या महिन्यात पलीकडचा काठ घ्यायचा आहे. चारशे काड्या टाकीत भिजत घातल्यात. एकेकीला लाल चिंधी बांधली आहे. टोळीला त्या ओळखू येतात, चिंध्या माझ्यासाठी आहेत. कुठली काडी कुठे, ते तू सांगायचं. या वेळी मी ऐकणार आहे. तू येईपर्यंत एकही रोवणार नाही. महिन्याअखेरीस साहेब पुन्हा येतील आणि तोच प्रश्न विचारतील. मला त्यांना चहा द्यायचा नाही, बोट दाखवायचं आहे.

तुझी वाट पाहणारी, आणि यापुढे तुला विचारल्याशिवाय एक काडीही न उपटणारी,
ताई