एकोणिसावा प्रश्न

मॅडम, सातव्या धड्यातला रस्ता खरंच आहे. जुलैच्या सुट्टीत लेकीला घेऊन मी त्यावरून पाच दिवस सायकल चालवून आले. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे, मधून एखादी गाडी जेमतेम जाईल असा सिमेंटचा रस्ता, दर चार-पाच किलोमीटरवर एक गाव आणि गावाच्या मधोमध टोकदार चर्च. दुबईच्या शाळेतल्या आमच्या आठवीच्या फ्रेंचच्या पुस्तकात अगदी हेच चित्र होतं. त्यात आई, वडील आणि दोन मुलं सायकलवर होती, आणि वडिलांच्या काखेत लांबलचक पाव. शिवाय त्या धड्यात पाच काळ्या पट्ट्या होत्या. पुस्तकं आमच्या हातात पडण्याआधीच कोणीतरी ‘वाइन’ हा शब्द जिथे जिथे होता तिथे जाड मार्कर फिरवला होता. त्यामुळे ते कुटुंब सायकलवरून काळी पट्टी बघायला निघायचं, संध्याकाळी काळी पट्टी चाखायचं, आणि चार दिवसांनी आजोबांसाठी काळ्या पट्टीच्या दोन बाटल्या घेऊन घरी यायचं. आम्ही पान ट्यूबलाइटसमोर धरून वाचायला बघायचो. तुम्ही शांतपणे म्हणालात, “ती द्राक्षं आहेत. द्राक्षांचं पुढे काय करतात ते परीक्षेला नाही.”

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. शाळेच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलं होतं, पुण्यात, झोपेतच. मी जोडलेले हात पाठवले आणि मीटिंगला गेले. मग गेल्या वर्षी आई-बाबांनी दुबईचं घर आवरलं तेव्हा माझं एक खोकं दुबईतच अल बर्शात असलेल्या आमच्या फ्लॅटवर येऊन पडलं. त्यात आठवीची फ्रेंचची वही निघाली. मागून उघडली तर शेवटच्या पानावर फ्रेंचमध्ये मथळा, ‘मला माहीत नाही’, आणि त्याखाली एक ते एकोणीस. ही तुमची पद्धत. पुस्तकात नसलेलं काही आम्ही विचारलं आणि तुम्हाला ते येत नसलं, तर इतर शिक्षकांसारखं ‘सिट डाउन’ नाही म्हणायचात. उलट खूश व्हायचात. खडू उचलायचात. “मला माहीत नाही. लिहा, नंबर सात. जो आधी तिथे जाईल त्याने विचारून यायचं आणि मला सांगायचं.” हे सगळं इंग्रजीत. मराठी फक्त माझ्या वाट्याला, व्हरांड्यात, तीही तुम्ही रागावलात की. म्हणून हे पत्र मराठीत लिहिते आहे.

ते प्रश्न आता वाचले की हसू येतं. आम्ही सगळी वाळवंटात वाढलेली पोरं, आम्हाला फ्रान्सबद्दल वेगळ्याच काळज्या होत्या. चौथा प्रश्न: तिथे ऊन नाही, मग दुकानं दुपारी का बंद करतात? सहावा: पाव उघडाच नेतात, तर त्यात वाळू जात नाही का? अकरावा: सायकल थेट रस्त्यावर चालवली तर मागच्या गाड्या हॉर्न मारत नाहीत का? आम्ही सायकली बिल्डिंगच्या पार्किंगमध्येच चालवलेल्या, आणि तिथेसुद्धा वॉचमन ओरडायचा. तेरावा: काळ्या पट्टीची चव कशी असते? हा लिहून देताना तुम्ही एकदा दाराकडे बघितलं होतंत, ते मला आठवतंय. पण लिहून दिलात.

एकोणिसावा माझा होता. वर्गात शिरताना तुमच्याकडे बघून स्वच्छ आवाजात ‘बाँझूर, मादाम’ म्हटल्याशिवाय तुम्ही कोणाला आत घ्यायचा नाहीत. त्या दिवशी मी नुसतं पुटपुटले. तुम्ही परत पाठवलंत. परत पुटपुटले, परत पाठवलंत. तिसऱ्या वेळी तुम्ही माझ्यामागे व्हरांड्यात आलात. “अगं, दुकानात शिरून आधी बाँझूर म्हटलं नाहीस तर तिकडे तुला कोणी पाणीसुद्धा विचारणार नाही. तोंड उघड.” मी तोंड उघडलं, आत येऊन बसले, आणि हात वर केला. “मॅम, हॅव यू एव्हर बीन टू फ्रान्स?” अख्खा वर्ग फिसकन हसला. मला अजून दिसताय तुम्ही. निळी कॉटनची साडी, बोटांना खडू, हसू थांबेपर्यंत नुसत्या उभ्या. मग “नो,” म्हणता, फळ्याकडे वळता आणि लिहिता: नंबर एकोणीस, मॅडम फ्रान्सला गेल्या आहेत का? बाकीच्या अठरा प्रश्नांसारखाच आम्ही तोही उतरवून घेतला. खडू मात्र दोनदा तुटला.

मी ते घरी जेवताना नक्कल करून सांगितलं. मला वाटलं बाबा हसतील. ते हसले नाहीत. पुढच्या पेरेंट्स मीटिंगला त्यांनी उभं राहून विचारलं, की ज्या बाईंनी त्या देशात पाऊलही टाकलेलं नाही त्या मुलांना कसलं फ्रेंच शिकवणार? आणखी चार-पाच पालकांनी माना हलवल्या. पुढच्या टर्मला पॅरिसमध्ये दोन वर्षं राहून आलेल्या एक बाई आल्या आणि तुम्हाला लायब्ररीत बसवलं. दहावी संपेपर्यंत मी तुम्हाला पुस्तकांवर शिक्के मारताना पाहिलं. नवीन बाई चांगल्या होत्या, त्यांना सगळं माहीत असायचं. माझ्या वहीत विसावा प्रश्न कधी आला नाही.

नंतर कधीतरी, एका शुक्रवारी, आईबरोबर दुबईच्या करामा भागातल्या एका लेबनानी बेकरीत गेले होते. तिथे तुम्ही काउंटरपाशी पाठमोऱ्या उभ्या होतात, पदर खोचून, हातवारे करत, बेकरीवाल्याशी फ्रेंच बोलत; बऱ्याच लेबनानी लोकांना येतं तसं त्यालाही ते येत होतं. तो भट्टीतून पाव काढता काढता तुम्हाला अडवत होता. “नो, नो, मादाम. यल्ला, आंकोर!” म्हणजे चला, पुन्हा एकदा. तुम्ही तेच वाक्य चार वेळा म्हणालात. चौथ्यांदा तो “खलास, परफे!” म्हणजे झालं, अगदी बरोबर, असं म्हणाला, आणि तुम्ही शाळकरी मुलीसारख्या हसलात आणि पर्समधून छोटी वही काढून ते लिहून घेतलंत. मागे गिऱ्हाईकं ताटकळली होती. आईने विचारलं, “त्या तुमच्या शाळेतल्या मॅडम ना गं?” मी मोठ्यांदा म्हटलं, “नाही.”

आणि तरीही तुम्ही मला एकदा लायब्ररीत टेबलाशी बोलावलंत. ड्रॉवरमधून वर्तमानपत्रात गुंडाळलेला लांब पाव काढलात, त्याचं टोक मोडून माझ्या हातावर ठेवलंत. “सहावा प्रश्न,” म्हणालात. “टोक रस्त्यातच खाऊन टाकतात म्हणे. बेकरीवाला सांगतो. खरं-खोटं तू गेल्यावर बघ.” टोक कडक होतं, कोमट होतं. तुम्ही माझ्यावर रागावला होतात की नाही हे मी तेव्हाही तुमच्या चेहऱ्यावर शोधलं, आणि मला ते सापडलं नाही.

तर मी गेले. बोन नावाच्या गावात सायकली भाड्याने घेतल्या. आमच्या बॅगा रोज एका व्हॅनमधून पुढच्या मुक्कामाला जायच्या आणि आम्ही मागून रमतगमत. लेक चौदाची आहे, दुबईबाहेर अल कुद्राच्या सायकल ट्रॅकवर पहाटे सराव करून तयार झालेली. तुमची यादी तिच्याकडे होती, आणि तुमच्या गोष्टीही मी तिला सांगितल्या होत्या. पहिल्याच सकाळी मी बेकरीत शिरले आणि थेट पाव मागितला. बाईंनी हात पुसले, माझ्याकडे बघितलं, “बाँझूर, मादाम,” म्हणाल्या आणि थांबल्या. नुसत्या थांबल्या, तुमच्यासारख्याच. माझे कान लाल झाले. मी स्वच्छ आवाजात बाँझूर म्हटलं आणि लगेच पाव आला, हसू आलं, पाण्याच्या बाटल्यासुद्धा भरून मिळाल्या. लेक बाहेर येऊन हसून हसून वाकली. “आई, शी वॉज सो राइट!” मला मात्र एकच उत्सुकता लागून राहिली, की करामात उभ्या राहून तुम्हाला हे इतकं नेमकं कसं कळलं असेल.

मग आम्ही विचारतच सुटलो. चौथा प्रश्न एका चीजवाल्याला विचारला. तो दाराला पाटी लावत होता. “मग आम्ही जेवायचं कधी?” त्याने मलाच विचारलं. सहाव्याचं उत्तर रोज दिसायचं. पाव घेऊन निघालेला माणूस कोपऱ्यापर्यंतही पोचायचा नाही, टोक गायब. आमच्या पावाला तर पाच दिवसांत एकदाही टोक मुक्कामापर्यंत आलं नाही. अकरावा: हॉर्न मारत नाहीत. एक ट्रॅक्टर चढावर आमच्या मागे दहा मिनिटं मुंगीच्या पावलांनी आला आणि वर पोचल्यावर त्याने हात हलवला. यादीत नसलेलंही मी विचारलं. वेली कमरेएवढ्याच का ठेवतात, ओळीच्या टोकाला गुलाब का लावतात. वेली बांधणाऱ्या एका म्हाताऱ्याने सांगितलं, रोग आधी गुलाबावर दिसतो असं पूर्वीचे लोक म्हणायचे, आता आपला शोभेला. द्राक्षं तेव्हा मटारएवढी, हिरवी, टणक. लेकीने एक चावून थुंकलं. त्या संध्याकाळी मी तेराव्याचं उत्तर घेतलं. आधी आंबट लागली, जीभ कोरडी पडली. दुसरा घोट बरा होता. एवढ्यासाठी पाच पट्ट्या, असं वाटलं, आणि तिसरा घोट घेतल्यावर ते मत थोडं बदललं.

चौथ्या रात्री आम्ही एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी उतरलो होतो. जेवताना त्या म्हणाल्या, “तुमचं फ्रेंच ऐकून आमच्या शाळेतल्या बाई आठवल्या. इतकं नीट आता कोणी बोलत नाही. कोणाकडे शिकलात?”

“आमच्या मॅडमकडे.”

“त्या इकडच्याच का?”

आणि मॅडम, मी हो म्हणाले. “हो. बरीच वर्षं इथेच राहिल्या होत्या.” बाईंनी “वाटलंच मला” म्हणून मान डोलावली. समोर लेकीचा काटा ताटलीतच थांबला.

दुसऱ्या दिवशी ती जुन्या रेल्वेमार्गावर केलेल्या सायकलच्या वाटेने चार किलोमीटर गेल्यावर ब्रेक दाबून उभी राहिली. “आई, व्हाय डिड यू लाय?”

“अगं, मॅडमना मान मिळावा म्हणून.”

“बट शी नेव्हर लाइड. दॅट वॉज हर होल थिंग.” आणि वही माझ्यापुढे धरून म्हणाली, “यू न्यू द आन्सर टू नाइन्टीन. यू जस्ट डिडन्ट लाइक इट.”

मी चिडले. मी तुम्हाला फ्रान्स दिलं होतं, तीस वर्षं उशिरा का होईना, असं मला वाटत होतं. पण तिथे उभी राहिले तेव्हा कळलं की मला परत तुमची लाजच वाटली होती. आठवीत हसवण्यासाठी, आता कोणी हसू नये म्हणून, पण लाज तीच. मी सायकल वळवली. वाटेने परत आणि शेवटी गावाचा चढ, लेक माझ्या पुढे. बाई अंगणात चादरी वाळत घालत होत्या. मी आधी बाँझूर म्हटलं. मग सांगितलं, की काल खोटं बोलले, आमच्या मॅडम इथे कधीच आल्या नव्हत्या, दुबईत एका लेबनानी बेकरीवाल्याशी बोलून बोलून त्या शिकल्या. बाईंनी चादरीला चिमटा लावला. “असं होय. मग तो बेकरीवाला छान बोलत असणार,” म्हणाल्या, आणि आत जाऊन लेकीची विसरलेली पाण्याची बाटली आणून दिली. बस्स, एवढंच. मला तर थोडा रागच आला. जे ओझं मी इतकी वर्षं वाहिलं त्याचं त्यांना काहीच नव्हतं. मग ऊद मेथातल्या आमच्या शाळेच्या हॉलमध्ये, त्या पेरेंट्स मीटिंगला, ते एवढं मोठं का झालं? आमचे सगळ्यांचेच आई-बाप कुठून तरी आलेले, कोण कुठे जाऊन आलं यावरच एकमेकांना जोखणारे. बाबाही त्यातलेच, आणि मीही.

परत आल्यापासून मी अठरा उत्तरं वहीत लिहून काढली आहेत. एकोणिसाव्यापाशी थांबले, म्हणून हे पत्र. यात वर मी एक खोटं लिहिलं आहे. बेकरीचा शुक्रवार ‘नंतर कधीतरी’चा नाही, आधीचा आहे. त्याच्या पुढच्याच आठवड्यात मी वर्गात हात वर केला. बेकरीत तुम्ही जे वाक्य चार वेळा घोकत होतात ते तुम्ही सोमवारी आम्हाला शिकवलंत. तुम्ही कशा शिकता हे माहीत असलेली त्या वर्गात मी एकटी होते, आणि तरी विचारलं. शेवटच्या पानावर फक्त माहीत नसलेलंच लिहायचं, असा तुमचा नियम होता. मला उत्तर माहीत होतं.

म्हणून आज तो मी खोडला, आणि त्याच्या जागी दुसरा लिहिला. नंबर एकोणीस: त्या शुक्रवारी बेकरीत मी ‘नाही’ म्हटलेलं मॅडमनी ऐकलं होतं का? पत्राची घडी करून त्याच पानात ठेवते आहे. हे मला खरंच माहीत नाही.