माय, आम्ही पाण्यावर राहतो

माय,

आम्ही दोघं आता होडीत राहतो. शिडाच्या होडीत. तू असतीस तर कपाळाला हात लावून म्हणाली असतीस, "घरदार सोडून पाण्यात काहून गेलात बाई?" तुझ्या जावयांनी जन्मभर मोठ्या जहाजांवर नोकरी केली, पण इंजिनच्या खोलीत. समुद्र त्यांना कधी नीट दिसलाच नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी होडी घेतली, आणि मी शाळेतली नोकरी संपवून तिच्यात जाऊन बसले. पावसाळा सरला की रत्नागिरीहून निघायचं, किनारा धरून कारवारपर्यंत, जमलं तर आणखी खाली, आणि पाऊस लागायच्या आत परत. सकाळी हे दोर तपासतात, मी चहा ठेवते. शेगडी टांगलेली असते, त्यामुळे होडी कलली तरी भांडं सरळ राहतं. परात मात्र घरंगळते, म्हणून भाकरी थापताना ती गुडघ्यांत धरते. भांडी खाऱ्या पाण्याने घासायची आणि शेवटी गोड्या पाण्याचा ओला हात फिरवायचा. वारा चांगला असला की एकाने सुकाणू धरायचं, दुसऱ्याने शेंगा सोलायच्या, तासन्‌तास. इतकी वर्षं हे महिनोन्‌महिने बाहेर असायचे. शेजारी बसणं आम्ही आत्ता शिकतोय.

मागच्या महिन्यात गोव्याच्या खाली वारा पडला. शीड वाळत घातलेल्या लुगड्यासारखं लोंबत होतं. इंजिन आधीच रुसलेलं, आणि त्यात टाकीची नळी फुटून गोडं पाणी तळात गेलं. प्यायला कॅन होते, जिवावर बेतलेलं नव्हतं. पण हे फळीवर मटकन बसले. "झालं. किनाऱ्याला लागलो की विकून टाकू. आपलं वय न्हाई राहिलं याचं." माझ्यासोबत राहून हेही वैतागले की आपल्या गावाकडच्यासारखंच बोलतात. मला तू दिसत होतीस, दुधाचा कॅन घेऊन एसटीच्या फाट्यावर उभी.

दुष्काळाचं साल. मी दहावीत. गावातली निम्मी जनावरं विकलेली, उरलेली चाऱ्यावाचून हाडं झालेली. बायकांच्या दूध संस्थेची चेअरमन तू, कारण दुसरं कुणी व्हायला तयार नव्हतं. सगळ्यांचं दूध मिळून एक कॅन भरेना, तेव्हा दूध नेणारा गाडीवाला म्हणाला, "मावशी, एवढ्याशासाठी गाडी परवडत न्हाई. उद्यापासून मी येत न्हाई." तू म्हणालीस, "नको येऊ. दूध येईल." दुसऱ्या दिवसापासून पहिल्या एसटीने तूच कॅन घेऊन वडवणीच्या डेअरीवर जाऊ लागलीस. कंडक्टर कुरकुरायचा, तू पायरीजवळ कॅनला टेकून उभी राहायचीस. मी एकदा चिडून म्हटलं, "बंद कर ना माय. लोक हसायलेत." तू चुलीतली राख ओढता ओढता म्हणालीस, "एकदा कुलूप लागलं की बाया परत जमत न्हाईत. आन्‌ जिची एकच म्हैस हाय, तिनं कुठं जावं?"

मग तो दिवस. एसटी आलीच नाही. तू कॅन डोक्यावर घेऊन निघालीस, वाटेत एका ट्रकवाल्याने घेतलं, पण तोवर ऊन चढलं होतं आणि दूध नासलं. डेअरीवाल्यांनी झाकण उघडून पुन्हा लावलं. तू तो कॅन घेऊन परत आलीस. मला वाटलं आता रडशील, निजशील. तू तोंड धुतलंस आणि दारोदार गेलीस. मी तुझ्या मागे आहे. प्रत्येक उंबऱ्यावर तू तेच सांगतेयस, "तुझं दूध आज माझ्या हातनं नासलं बाई. उद्या घालायचं का न्हाई, ते तू ठरव." कुणी एसटीला शिव्या देतं. सकाळी दारात सगळ्या उभ्या, किटल्या घेऊन. शेजारची म्हातारी, जिच्याशी तुझं वर्षभर बोलणं नव्हतं, कॅनचा एक कान धरून म्हणाली, "चल, म्या येते संगं." त्यानंतर पाळ्या लागल्या. पुढच्या वर्षी चारा झाला, आणि गाडीवाला आपण होऊन आला. "मावशी, सुरू करायचं का मंग?" तू म्हणालीस, "गाडी तुझी हाय, तू बघ. दूध कवाच बंद न्हवतं."

तेव्हा मला तुझी लाज वाटायची आणि अभिमानही, दोन्ही एकाच छातीत. आता नुसता अभिमान उरलाय.

मी ह्यांना म्हटलं, "विकायचं नंतर बघू. आधी नळी बघा." मी खाऱ्या पाण्यात पीठ मळलं. भाकरी इतकी खारट झाली की ह्यांनी पहिला घास खाल्ला आणि हसू लागले, मग मीही. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी आवळून त्यांनी नळी बांधली. तिसऱ्या सकाळी जमिनीकडून मतलई वारा सुटला. आधी दोर हलले, मग शीड पोट काढून उभं राहिलं, आणि हे पोरासारखे ओरडले, "अगं वर ये, वर ये!" त्या दिवशी आम्ही कारवारला लागलो. बाजारात जाऊन नवी नळी आणली, आणि सोबत इंजिनचं सामान. होडी विकायचं नाव ह्यांनी पुन्हा काढलेलं नाही.

हे लिहिलं, पण कुठे टाकणार? राहू दे माझ्यापाशीच. एक मात्र तुला सांगते, दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही. मला अजून पोहता येत नाही, माय. शिकणार कुठे, आपल्याकडच्या विहिरींचा तळच दिसायचा. कमरेला दोर बांधल्याशिवाय मी वर पाऊल ठेवत नाही, आणि ह्यांना वाटतं, बाई शिस्तीची आहे.